किनारा दिसला की बकल काढू नका



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला एक साधा दृष्टांत देतात. पाण्यावरच्या नावेला वारा जसा ओढून नेतो, तसं भटकणाऱ्या इंद्रियांपैकी ज्या एकामागे मन लागतं, ते एकच इंद्रिय माणसाची बुद्धी ओढून नेतं. लक्षात घ्या, पाचही इंद्रियं लागत नाहीत. एक पुरतं. आणि नाव फुटतही नाही, नुसती वाट सोडते.

हा श्लोक मी शाळेत असताना पाठ केला होता. कळला मात्र गेल्या वर्षी, तारकर्लीजवळच्या समुद्रात.

आपण खान्देशातली माणसं. आपल्याला समुद्र म्हणजे हतनूरचं बॅकवॉटर. एप्रिलमध्ये जळगाव तापलं की कोकण आठवतं. तसाच आमचा नऊ जणांचा ग्रुप गेल्या वसंतात कयाक घेऊन समुद्रात उतरला. सकाळी पाणी शांत होतं. दुपार झाली तसा समुद्राकडून वारा सुटला. कोकणात या दिवसांत तो रोजच सुटतो, म्हणून जाणती माणसं सकाळीच परत येतात. आम्ही तीन वाजेपर्यंत थांबलो. कारण? माझ्या रीलला चांगला उजेड हवा होता.

परतताना माझ्या डबल कयाकमध्ये पुढे आमची एक मैत्रीण बसली होती. किनारा समोर दिसत होता. मी म्हटलं, "पोचलोच आता, जॅकेट सैल कर हवं तर." तिने बकल काढलं. मी वल्हं मांडीवर ठेवून मोबाईल काढला. तेवढ्यात कयाक लाटेला आडवी झाली आणि उलटली. पाणी छातीएवढंच होतं, पण ती घाबरली, नाकातोंडात पाणी गेलं. जाळं आवरत असलेल्या एका काकांनी धावत येऊन तिला उभं केलं. मी मोबाईल शोधत होतो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

नंतर कळलं की तिला पोहता येत नव्हतं. ग्रुपवर विचारलं तेव्हा सगळे चेष्टेत होते, म्हणून तिने "थोडं येतं" असं लिहिलं होतं.

ज्ञानेश्वर माऊलींनी याच श्लोकावर लिहिताना नावेच्या दृष्टांतात एक बारीक भर घातली आहे. त्यांची नाव भर पाण्यात नाही, ती काठाला लागायच्या बेतात आहे आणि तेव्हाच तिला वाईट वारा गाठतो. पोचलेल्या माणसानेही गंमत म्हणून इंद्रियांचे लाड केले, तर त्याचंही असंच होतं, असं माऊली सांगतात. मला वाटतं, हा सगळ्यांत मोठा इशारा आहे. खोल पाण्यात आपण सावध असतोच. घात होतो तो "पोचलोच आता" म्हणताना. परीक्षा संपत आली, व्यसन सुटत आलं, राग जवळजवळ आवरला, तिथेच.

यंदा पुन्हा प्लॅन सुरू झाला. कयाकने जायचं, किनाऱ्यावर तंबूत एक मुक्काम करायचा. सगळ्यांचं मत होळी पौर्णिमेला पडलं, चांदणं मिळेल म्हणून. मी त्याच काकांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं, "तिथी कोणती?" पौर्णिमेला उधाण असतं. संध्याकाळी ओहोटीत किनारा लांबरुंद दिसतो, आपण खुशाल तंबू ठोकतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास भरती अंथरुणाशी येते. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. म्हणून आता रामनवमी ठरली आहे. आपण एकादशीसाठी पंचांग बघतो, ते पाण्यासाठी बघतात.

बाकीचे नियमही ठरले. मुक्कामाआधी ग्रामपंचायतीत विचारायचं. सकाळी वारा सुटायच्या आत पाणी सोडायचं. जॅकेट पाय कोरड्या वाळूवर पडेपर्यंत अंगावर. आणि सगळ्यांत हळू वल्हवणाऱ्याचा वेग, तोच ग्रुपचा वेग. मुक्ताईंची पालखी मुक्ताईनगरहून निघून महिनाभर चालत पंढरपूरला जाते. दिंडीत म्हातारी माय मागे राहिली, तर तिला सोडून कुणी पुढे जात नाही. मग आम्ही तरी कसे जाणार?

कार्तिकी एकादशीला जळगावचा रथ पाहिलाय ना? ओढणारे शेकडो हात असतात. पण रथ वळतो आणि थांबतो तो चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांमुळे. जोर सगळ्यांकडे असतो. मोगरी कोण लावणार, हा खरा प्रश्न आहे. साधना म्हणजे मनाच्या चाकाखाली वेळेवर लावलेली मोगरी. वारा थांबवणं आपल्या हातात नाही, वल्हं हातात ठेवणं आहे.

एक गोष्ट मात्र वर्षभर राहून गेली होती. मी तिची कधी नीट माफी मागितली नव्हती. "सॉरी यार" आणि एक इमोजी, एवढंच. काल रात्री हा श्लोक वाचून झाल्यावर तिला सगळं लिहून पाठवलं: चूक वाऱ्याची नव्हती, तुझीही नव्हती, माझी होती. बराच वेळ नुसत्या निळ्या टिका दिसत राहिल्या. सकाळी उत्तर आलं: "पोहण्याचा क्लास लावलाय. येईन की नाही, माहीत नाही."

ती आली नाही तरी चालेल. ज्याला भीती वाटते त्याला ती न लाजता सांगता येईल, असा ग्रुप झाला पाहिजे. तोही सत्संगच.

आजचा छोटा संकल्प: आज आपलं मन कोणत्या एका इंद्रियामागे गेलं, ते झोपण्याआधी नाव घेऊन स्वतःला सांगा. आणि त्या ओढीत कुणी भिजलं असेल, तर इमोजी न टाकता त्याला फोन करा.

पांडुरंगा, भर समुद्रात तू सांभाळतोसच. काठाजवळ आलो की जरा जास्त लक्ष ठेव.

राम कृष्ण हरी!