माहीत असून गप्प

१९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ लागायची, तेव्हा माझी भाची जन्मलीही नव्हती. परवा तिने त्यातला एक भाग मोबाइलवर पाहिला. अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. राजाने उत्तर दिलं, प्रेत खांद्यावरून उडून पुन्हा झाडाला लटकलं, आणि ती चिडली.

“ही कसली अट, मामा? माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर सगळी पायपीट फुकट. ‘मला माहीत नाही’ म्हणून मोकळं व्हायचं ना! वेताळाला काय कळतंय?”

“वेताळाला नसेलही कळलं. पण डोकं वेताळ फोडत नाही, ते आपोआप फुटतं. खरं काय ते विक्रमाच्या डोक्याला ठाऊक असतं.”

वेताळ टेकडीवर नेमाने फिरायला जाणारी ही मुलगी. तिथल्या शेंदरी वेताळाला हात जोडूनच पुढे जाते. पुण्यातल्या एका रुग्णालयात ती प्रत्यारोपण समन्वयक आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांशी बोलायचं, हे तिचं काम. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर ठोके दिसत असतात, आणि हिने सांगायचं की तो गेला.

मी म्हणालो, “वेताळपंचविशीत शिरं बदलल्याची गोष्ट आहे बघ. नवरा आणि बायकोचा भाऊ, दोघांनी देवीपुढे शिर वाहिलं. देवी प्रसन्न झाली, पण बायकोने गडबडीत शिरं उलटी जोडली. आता नवरा कोणता? विक्रम म्हणाला, नवऱ्याचं शिर ज्याच्या धडावर, तो. तुमचा कायदाही तेच म्हणतो.”

“म्हणतो. १९९४ चा कायदा. चार डॉक्टर, दोन वेळा तपासणी, मध्ये किमान सहा तास. मेंदू गेला म्हणजे माणूस गेला, आणि ते बरोबरच आहे. पण मुलाचा गरम हात धरून बसलेल्या आईला हे पटायला किती वेळ लागतो, ते मी पाहते. विक्रम इतक्या झटकन कसा बोलला? इथंच, पुण्यात, गॅलेक्सी केअरमध्ये मे २०१७ मध्ये आईचं गर्भाशय मुलीला बसवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात बाळ झालं. ज्या पिशवीत ती वाढली, त्याच पिशवीत तिचं मूल वाढलं. धड म्हणजे नुसतं शिराखालचं ओझं नाही, मामा.”

हे मला सुचलं नव्हतं. विक्रमाला अशी शंका आली असती, तर तो त्या रात्री गप्प राहू शकला असता आणि डोकंही शाबूत राहिलं असतं. शेवटच्या गोष्टीत तसंच होतं. बाप एका मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला खरोखरच उत्तर सापडत नाही. तो मुकाट चालत राहतो, आणि वेताळ उडून जात नाही.

“मग माझं सांग,” ती म्हणाली. “एक आई सोमवारी परत येणार आहे. मुलाचं काळीज कुणाला बसवलं, ते तिला हवंय. एकदा त्याच्या छातीला कान लावू दे, म्हणते. दात्याचं नाव तिकडे कळवायचं नाही, तिकडचं इकडे नाही, हा नियम. मला नाव माहीत आहे. ‘माहीत नाही’ म्हटलं की ती उठून जाईल. रडेल, पण जाईल. ‘माहीत आहे, सांगणार नाही’ म्हटलं तर रोज दारात येऊन बसेल. यात दया कशात आहे?”

“नियम मोडू नकोस. ज्याला काळीज मिळालं, त्याने जन्मभर दुसऱ्याचा मुलगा होऊन का जगायचं?”

“ते मलाही मान्य आहे. मी खोट्याचं विचारतेय.”

“खोटं बोलू नकोस. छाती हलत असताना ‘तो गेला’ हे तू सांगितलंस, आणि तिने ते मानलं. सही केली ती तुझ्या शब्दावर. तू एकदा खोटं बोललीस असं तिला पुढे कळलं, तर तिच्या मनात काय येईल? त्या दिवशी तरी ही खरं बोलली होती का?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू सल्ला देऊन मोकळा होशील. समोर मी असणार.” ते खरंच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही. त्या आईला सोमवारी हे सांगावं: काळीज कुणाला मिळालं ते मला माहीत आहे, नाव मला सांगता येत नाही, आणि हेच विचारायला तुम्ही कितीदाही आलात तरी मी तुम्हाला भेटेन.