दुसऱ्याचे कर्ज, तिसऱ्याची जप्ती

हुकूमनामा ज्याच्याविरुद्ध झाला असेल त्याच्याच मालमत्तेतून वसुली व्हावी, हे दिवाणी कायद्याचे तत्त्व निर्विवाद असले, तरी ऋणकोची मालमत्ता नेमकी कोणती, हे जप्तीच्या प्रत्यक्ष व्यवहारात न्यायाधीश नव्हे, तर वॉरंट घेऊन आलेला बेलीफ आणि त्याला वस्तू दाखवून देणारा हुकूमनामाधारक हेच बहुधा ठरवतात. त्यांची निवड चुकली, तर ज्याने कर्ज घेतले नाही, जामीन दिला नाही आणि जो मूळ दाव्यात पक्षकारही नव्हता, अशा माणसाला आपल्याच वस्तू आपल्या असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते. या तिसऱ्या माणसाला कायद्याने उपाय दिलेला आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या उपायाची किंमत कोणी मोजावी हा.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 21, नियम 43 नुसार ऋणकोच्या ताब्यातील जंगम मालमत्ता प्रत्यक्ष हस्तगत करून जप्त केली जाते. येथे कसोटी ताब्याची आहे. मालकीची चौकशी करण्याचा अधिकार बेलिफाला नाही, आणि तो दिला तर प्रत्येक दारात एक नवा दावा उभा राहील, हेही खरे. परंतु ज्याच्या ताब्यात वस्तू तोच तिचा मालक, हे गृहीतक, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, फार काळ टिकत नाही. तेथील अनेक सातबारा उताऱ्यांवर भावाभावांची नावे सामाईक असतात, वाटणी तोंडी झालेली असते, एकाच्या नावावरचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या अंगणात उभा असतो आणि म्हाताऱ्या आईच्या घरात कर्जबाजारी मुलगा राहत असतो. लोणावळ्यात बंगला मुंबईच्या मालकाचा, तो पर्यटकांना भाड्याने देण्याचा व्यवसाय भाडेपट्टा घेणाऱ्याचा आणि आवारातील खोलीत संसार वॉचमनचा, अशी रचना सर्रास आढळते. अशा ठिकाणी एकाच छपराखालील फ्रिज, जनरेटर आणि पलंग तीन वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात, आणि कर्ज त्यांपैकी एकाचेच असते.

संहितेने काही मर्यादा आधीच आखून दिल्या आहेत. कलम 60 नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांची जप्ती खुद्द ऋणकोविरुद्धही होऊ शकत नाही. कलम 62 नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. आणि नियम 47 नुसार सामाईक जंगम वस्तूतील ऋणकोचा हिस्सा जप्त करायचा असेल, तर वस्तू उचलून न नेता, हिस्सा हस्तांतरित करू नये अशी नोटीस ऋणकोवर बजावायची असते. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हे धार्मिक कर्तव्यही 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांपुरते हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने वसुलीचे कारण म्हणून उरलेले नाही. वारसाची जबाबदारी मृताकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते.

या मर्यादा ओलांडून जप्ती झालीच, तर आदेश 21, नियम 58 खाली हरकत अर्ज करता येतो. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी अशा अर्जावर केवळ संक्षिप्त चौकशी होत असे आणि मालकीसाठी स्वतंत्र दावा लावावा लागे. आता हक्क, मालकी आणि हितसंबंध यांचे सर्व प्रश्न त्याच न्यायालयाने ठरवायचे असून त्याच्या आदेशाला हुकूमनाम्याचे बळ आहे. मात्र लिलाव होऊन गेल्यावर किंवा हेतुपुरस्सर विलंब करून आलेली हरकत ऐकली जात नाही, म्हणून बेलिफाला अडवण्यापेक्षा, कारण तसे करणे गुन्हा ठरू शकते, पंचनाम्यात आपली हरकत नोंदवून घेणे आणि खरेदीची पावती, वाहनाचे नोंदणीपत्र, भाडेकरार यांसह तातडीने न्यायालयात जाणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. जमीन किंवा घर यांचा ताबाच गेला असेल, तर नियम 99 खालील अर्जाला तीस दिवसांची मुदत आहे.

वसुलीला येणारा प्रत्येक जण न्यायालयाचा बेलीफ असतो असे मात्र नाही. सहकारी पतसंस्थेचा वसुली अधिकारी महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, 1961 मधील नियम 107 खाली जप्ती करतो आणि तिच्यावरील हरकतही तोच ऐकतो. तो अनेकदा त्याच संस्थेचा कर्मचारी असल्याने, त्याच्या निर्णयाविरुद्ध सहा महिन्यांत दावा लावण्याची तरतूद असूनही, ही व्यवस्था नैसर्गिक न्यायाच्या कसोटीवर दुबळी ठरते. बँकेने 2002 च्या सरफेसी कायद्याखाली तारण मालमत्ता ताब्यात घेतली असेल, तर ऋणकोच नव्हे तर कोणतीही बाधित व्यक्ती 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. म्हणून आलेल्या माणसाचा अधिकार कोणत्या कायद्यातून येतो, हे लेखी आदेश मागून पाहणे ही बचावाची पहिली पायरी होय.

उपाय असे अनेक असले, तरी तिसऱ्या माणसाच्या नुकसानभरपाईबाबत संहिता मुकी आहे. निकालापूर्वीची जप्ती अपुऱ्या कारणांवर झाली, तर कलम 95 प्रतिवादीला पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. दाव्याबाहेरच्या तिसऱ्या माणसाचा त्यात समावेश नाही. त्याला स्वतंत्र दावा करावा लागतो, आणि न्यायिक आदेशाने झालेल्या जंगम वस्तूंच्या गैरजप्तीसाठी मुदत कायदा त्याला केवळ एक वर्ष देतो, तेही जप्तीच्या दिवसापासून. हरकत अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबणारा माणूस भरपाईचा हक्कच गमावून बसण्याचा धोका त्यामुळे उभा राहतो.

तिसऱ्या माणसाला अधिक संरक्षण देण्याविरुद्धचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच नोंदवले होते, आणि भाऊ किंवा पत्नी यांना पुढे करून वसुली वर्षानुवर्षे रोखणारे ऋणको आजही आहेत. कागदावरचे वेगळेपण प्रत्येक वेळी खरे नसते, याचे मोठे उदाहरण लोणावळ्याजवळच आहे: गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा 2012 चा आदेश सहारा समूहाच्या दोन कंपन्यांवर होता, तरी फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाच्याच अॅम्बी व्हॅली या वसाहतीवर जप्ती आणली. राहुल शाह प्रकरणात 2021 मध्ये याच न्यायालयाने दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेले अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले, ते याच विलंबावर उपाय म्हणून.

तथापि बनावट हरकतदाराची शिक्षा खऱ्या मालकाला देणे हे त्याचे उत्तर नव्हे. पुणे जिल्ह्याला हा धडा नवा नाही: सावकारांच्या हुकूमनाम्यांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी 12 मे 1875 रोजी सुपे येथे उठाव केला, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि स्पष्टपणे गहाण न टाकलेली शेतकऱ्याची जमीन साध्या पैशाच्या हुकूमनाम्याखाली जप्त करून विकण्यास त्याने बंदी घातली. कोणत्या मालमत्तेला हात लावता येईल हे जप्तीपूर्वीच ठरले पाहिजे, हा त्यामागचा विचार आज अमलात आणणे तेव्हापेक्षा कितीतरी सोपे आहे, कारण सातबारा, फेरफार आणि वाहनांची नोंदणी संगणकावर सहज पाहता येते.

म्हणून जप्तीचे वॉरंट मागणाऱ्या धनकोने, मग तो सावकार असो, पतसंस्था असो वा बँक, दाखवून द्यावयाच्या मालमत्तेची मालकी आपण तपासली असल्याचे शपथपत्र उपलब्ध नोंदींसह द्यावे आणि ते निष्काळजीपणाने केलेले आढळल्यास हरकतीचा खर्च व नुकसानभरपाई त्याच आदेशात त्याच्यावर बसवावी. बनावट हरकतदारालाही हाच नियम लावावा. वसुलीचा लाभ ज्याला मिळतो, चुकीच्या वसुलीची जोखीमही त्याचीच असली पाहिजे.