पायाखालचा पत्रा

गाडीत बसा, पण कुठे निघायचं नाही. समजा, ती प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. काच खाली करा आणि उरणची हवा आत येऊ द्या. मोरा बंदराकडून येणारा खारा वारा हाताला जरासा चिकटतो. तो चिकटपणा थोडा वेळ तसाच जाणवू द्या.

मिठागरांच्या या मुलखात मिठाचा स्वभाव कुणाला शिकवायला नको. श्रावणात बरणीतलं मीठ पाझरतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. पत्र्याच्या घडीत बसलेलं मीठही तेच करतं. गाडी महिनाभर छपराखाली उभी असेल, तिच्यावर पावसाचा थेंबही पडला नसेल, तरी आतली घडी ओलीच असते. खारं पाणी गंजाचं काम सोपं करतं आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. म्हणून दोन पत्र्यांची शिवण आतून फुगत जाते. हे सगळं तुमच्या टाचेखाली चाललेलं असतं, आणि वर चटई असते.

आता चटई उचला, तिच्याखालचा नमदाही. घाई करू नका, आधी वास घ्या. नमदा ओला असेल, तर तो कोणत्या बाजूने जास्त ओला आहे ते बोटांनी चाचपा. पाणी खालून, चाकांनी उडवल्यामुळेच येतं असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते वरून येतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असतं, दाराची गादी दबलेली असते. आपण भिजल्या चपलांनी आणलेलं पाणी वेगळंच. एकदा आत शिरलं की नमदा ते सोडत नाही.

स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि पत्र्यावर हलके ठोकत चला. शाबूत पत्रा टणक वाजतो, पोखरलेला भद्द. आवाज बदलेल तिथे थांबा, मागे या, पुन्हा ठोका. मग खडूने रेघ मारा. ही रेघ मारताना हात आखडतो, याकडे लक्ष द्या. डोळ्यांना दिसतं तेवढंच भोक आहे, असं मानायला मन तयार असतं. पण भोकाच्या कडेचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, त्याला वेल्डिंग धरत नाही, तो जळून भोक आणखी मोठं होतं. ग्राइंडरखाली चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे सरकत राहावं लागतं. ती रेघ कुठे थांबेल, हे आधी ठरवता येत नाही.

कापण्यापूर्वी आणखी एकदा थांबा. जीपला खाली वेगळी चॅसी असते. फियाट 1100 च्या घराण्यातल्या या गाडीला ती नाही. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छप्पर हे सगळं मिळूनच गाडी उभी असते. दाराखालची पट्टीही कुजली असेल आणि आधार न देता फ्लोअर कापला, तर गाडी मधोमध खचते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून जुना डेंटर आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल टाकतो, दारांच्या फटी मोजतो, बॅटरी सोडवतो, खालून गेलेली पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बाजूला करतो. पाहणाऱ्याला वाटतं, अजून काम सुरूच झालं नाही.

नवा तुकडा नुसता सपाट असून चालत नाही. मूळ फ्लोअरला उभार दिलेले असतात, ते नसले तर पत्रा चालत्या गाडीत थरथरतो. कोपरे गोल ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. मग वेल्डिंगचे टाके. एक इथे, दुसरा लांब तिकडे, मध्ये पत्रा निवू द्यायचा. सलग ओढत नेलं तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो. दोन टाक्यांमधल्या त्या रिकाम्या वेळात काहीही करू नका. इतक्या लवकर आपला हात मोबाइलकडे जातो, हे मात्र बघण्यासारखं आहे.

डांबराबद्दल माझं मत कडवट आहे. गंजावरच काळा थर मारला, की गाडी बाहेरून निरोगी दिसते आणि ओल आत कोंडली जाते. थर हवाच, पण घासून साफ केलेल्या पत्र्यावर, रेड ऑक्साइडनंतर, शिवणी नीट बंद करून. आणि फ्लोअरमधली पाणी जाण्याची भोकं या थराने बुजवायची नाहीत, त्यांना रबरी बुचं असतात. उरणशेजारच्या करंज्याचे कोळी होडीच्या तळाला दरवर्षी हात लावतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, डागडुजीला सवड. मोटारीच्या तळाची आठवण मात्र आपल्याला पाय ओला झाल्यावरच येते.

रंग वाळला की चटई लगेच घालू नका. कुणाला तरी हातात बॅटरी देऊन आत बसवा, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालायला सांगा. तुम्ही बाहेरून पुढच्या काचेच्या कडेने तांब्या-तांब्याने पाणी सोडा, आधी खालची कड, मग बाजू, सगळ्यात शेवटी वरची. आतून आवाज आला, की तिथेच थांबा आणि खडू मागा.