पुरे म्हणायचं कुणी?

भांडण सुरू कसं करावं, हे आम्हां मध्यमवर्गीयांना कुणी शिकवावं लागत नाही. पंचाईत येते ती संपवताना. आमच्याकडे त्याची सोय आहे. शेजारच्या अण्णांशी माझा वाद तापला, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘पुरे आता, पानं वाढलीत!’’ मी ताबडतोब उठतो. याला माघार म्हणत नाहीत, जेवायला जाणं म्हणतात.

2022 साली रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा अण्णांनी विचारलं, ‘‘हे संपणार कसं हो?’’ मॉस्कोतलं मला काय कळणार? मला खुलताबाद ठाऊक. भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं आणि त्याच गावात औरंगजेबाची कबरही बघायची. उघड्यावर, वर माती, त्यात सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची.

1681 च्या नोव्हेंबरात हा गृहस्थ बऱ्हाणपूरला पोचला, तेव्हा 63 वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडची माणसं पेन्शनीच्या रांगेत असतात. 1686 ला त्यानं विजापूर घेतलं, 1687 ला गोवळकोंडा. 1689 ला संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं, रायगड घेतला, लहानग्या शाहूंना छावणीत ठेवून घेतलं. ‘जिंकलो’ म्हणून परतायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण राजाराम महाराज जिंजीला निसटले होते. 1700 साली ते वारले, तर ताराबाई उभ्या राहिल्या. मग किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घालायचा, बऱ्याचदा शेवटी किल्लेदाराला पैसेच मोजायचे, आणि स्वारी पुढं सरकली की मागचा किल्ला मराठ्यांनी परत घ्यायचा! आमचा वाणीसुद्धा असला धंदा दोन दिवस करणार नाही.

मला कुतूहल आहे ते बादशहाच्या तंबूचं. तिथं मुलं होती, वजीर होते. एकालाही ‘पुरे, चला घरी’ म्हणता येऊ नये? मुलगा शाहआलम यानं गोवळकोंडेकरांशी तहाची बोलणी चालवली होती. 1687 साली बापानं त्याला मुलांसकट कैदेत घातलं आणि कित्येक वर्षं ठेवलं. त्यानंतर छावणीत मतभेद म्हणून उरले नसावेत.

‘‘म्हणजे म्हातारा मरायची वाट बघायची?’’ अण्णा म्हणाले. हे मात्र अवघड आहे. कुणाच्या मरणाची वाट बघू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. पण ज्याचं उभं पीक दरसाल घोड्यांनी खाल्लं, त्यात 1702 पासून दुष्काळ आणि रोगराई, त्यानं तिन्हीसांजेला दिव्यापुढं काय मागितलं असेल? त्याला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते पाप असलंच, तर वाट बघायला लावणाऱ्याच्या खात्यावर मांडावं.

1707 च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला, वयाच्या 88 व्या वर्षी. पंचवीस वर्षं ज्या तंबूंचे खुंटे हलत नव्हते, ते मुलगा आझमनं काही दिवसांत उपटले आणि तख्तासाठी उत्तरेकडे धाव घेतली. वाटेत शाहूंना सोडून दिलं. दया आली म्हणून नव्हे, मराठ्यांत भाऊबंदकी माजावी म्हणून. तीही माजलीच.

जूनमध्ये जाजऊला शाहआलमनं आझमला संपवलं आणि बादशाही घेतली. तहाची बोलणी करणारा तो हाच. तेव्हा त्याचं वय 63. गादीवर बसल्यावर, धाकट्या भावाशी लढायला, तो दख्खनेतच आला.