कमावलेलं शरीर

मराठीत पैसा कमावतात, नाव कमावतात, शरीर कमावतात आणि कातडंही कमावतात. हे शब्द लहानपणापासून कानांवर होते, पण या सगळ्यांना क्रियापद एकच का, हा प्रश्न मला खांदा दुखावल्यावर पडला.

बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि मी एका जिममध्ये नाव घातलं. नव्वद दिवसांत कायापालट, असा तिथे फलक होता. त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला, कारण पहिल्या महिन्यात तसंच घडत होतं. आज दहा किलो, पुढच्या आठवड्यात साडेबारा, मग पंधरा. सातव्या आठवड्यात डोक्यावर वजन नेताना उजव्या खांद्यात कळ आली. पुढचे चार महिने शर्टाच्या बाहीत हात घालताना डाव्या हाताची मदत घ्यावी लागत होती.

काय चुकलं, ते नंतर वाचून समजलं. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मज्जासंस्थेची करामत असते. स्नायू तेवढाच राहतो, पण त्यातले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू खरोखर जाड व्हायला त्यापुढे काही आठवडे, महिने जातात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा तर त्याहून संथ, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी. म्हणजे उत्साह सर्वांत पुढे, त्यामागे मेंदू, मग स्नायू आणि सर्वांत मागे कंडरा. मी पुढच्याचा वेग धरला आणि मागचा तुटायला आला. व्यायामात धीर धरा, असं सगळेच सांगतात. तो स्वभावाचा गुण म्हणून सांगतात. मला तो आता शरीरशास्त्राचा नियम वाटतो.

हा नियम कातडं कमावणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावतात. अशा कमावणीत कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, मग सालीच्या पातळ अर्कात घालतात आणि अर्क हळूहळू दाट करत नेतात. घाई करून पहिल्याच दिवशी दाट अर्कात टाकलं, तर वरचा थर कडक होऊन बसतो, अर्क आत शिरत नाही आणि गाभा कच्चाच राहतो. वरून पक्कं, आतून कच्चं. सातव्या आठवड्यातला माझा खांदा नेमका तसा होता. ज्या हातांनी हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या सांभाळलं त्यांना आपल्या गावांनी वेशीबाहेर ठेवलं. कमावलेल्या शरीराचं कौतुक करणाऱ्या समाजाने कातडं कमावणाऱ्याला हीन मानावं, याची शरम वाटते. शब्द दोघांना एकच दिला होता.

खांदा बरा झाल्यावर मी गावातल्या तालमीत जाऊ लागलो. कुस्ती खेळण्याचं वय नव्हतं; कोपऱ्यात जोर-बैठका काढायची परवानगी वस्तादांनी दिली, एवढंच. पहाटे पाचला पोरं येतात, लंगोट कसतात आणि आधी फावडं घेऊन हौद्यातली माती उकरतात. लाल माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं. रात्रीत दबून घट्ट झालेली ही माती रोज नव्याने मोकळी करावी लागते. काल उकरली होती म्हणून आज चालत नाही. आणि पैलवान व्यायामाला व्यायाम म्हणतच नाहीत, ते ‘मेहनत’ म्हणतात.

एकदा वस्तादांनी माझ्याकडे बघून विचारलं, “मास्तर, आज किती काढलासा?”

“वीस जोर.”

“उद्या पंधराच काढा. खरं, परवा बी यायला पायजे.”

कोल्हापूरकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. त्या ‘पण’मध्ये सगळं आलं. मी आकड्याकडे बघत होतो, ते परवाकडे.

खाशाबा जाधवांचं मला म्हणूनच फार वाटतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला आणि गादीवरच्या कुस्तीत फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीत त्याने बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ही दोन सालं पाठ करतो. मधल्या चार वर्षांत सुमारे साडेचौदाशे पहाटा येतात. पदक हेलसिंकीत हातात पडलं, तरी घडलं त्या पहाटांमध्ये, आणि त्यातली एकही पहाट घडत असताना मोठी दिसली नसणार.

इथे एक शंका मला बरीच छळत होती. रोजच्या मेहनतीनेच शरीर घडत असेल, तर उसाच्या फडात वर्षानुवर्षं मोळ्या वाहणारी बाई पन्नाशीत कमरेतून वाकते ती का? तिच्याइतकं सातत्य कुणाचं आहे? उत्तर विश्रांतीत आहे. वजन उचलताना स्नायूवर ताण येतो. दुरुस्ती आणि वाढ नंतर होते, झोपेत आणि अन्नावर. पैलवान मेहनत करून खुराक घेतो, आडवा होतो, थकला तर वस्ताद त्याला पंधरावर आणतात. मोळीचं वजन त्या बाईच्या हातात नसतं, सुट्टी तिची नसते आणि ताट अपुरं असतं. तिचं शरीर झिजतं, आमचं कमावलं जातं. घाम दोन्हीकडे सारखाच. श्रमाचे गोडवे गाताना हा फरक विसरणं मला क्रूर वाटतं, आणि ज्याला व्यायामासाठी अर्धा तास मिळतो त्याने तो वाया घालवणंही मग सोपं राहत नाही.

अर्थात खंड पडतो. लग्नसराई, परीक्षेचे पेपर तपासणं, आजारपण. पूर्वी माझा एक दिवस चुकला की आठवडा जायचा, आठवड्याचा महिना व्हायचा, कारण नेम मोडला ही बोच परत जाऊ देत नसे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ माणसांवर सवयींचा अभ्यास केला होता. नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजाने २५४. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटली. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही. शरीरही याबाबतीत उदार आहे. ज्याने एकदा ताकद कमावली त्याचा व्यायाम महिनोन्‌महिने सुटला, तरी ती परत येताना पहिल्यापेक्षा लवकर येते. आपण व्रत मोडल्यासारखे खंडाला घाबरतो. तालमीत मात्र चार दिवसांनी आलेल्या पोराला कुणी जाब विचारत नाही, त्याच्या हातात फावडं देतात.

उशीर झाला, ही सबबही मी सोडून दिली आहे. १९९० साली बॉस्टनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय नव्वद. आठ आठवड्यांत, ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा हाक मारली की ओ देतो.

हे वाचल्यावर मी आईला खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिने जमिनीवर बसणं सोडलं होतं. पंगतीत तिच्यासाठी वेगळी खुर्ची मांडायचो आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर एकटं बसून जेवणं तिला बोचायचं. आधी दोन्ही हात टेकवून पाच वेळा. महिन्याभराने आठ. मग एकच हात. मधे पावसाळ्यात तिचा गुडघा सुजला, तीन आठवडे सगळं बंद राहिलं. पुन्हा पाचापासून. सकाळचा चहा उकळेपर्यंत ती हे करायची, मोठ्याने आकडे मोजत, आणि मी ओट्यापाशी उभा राहून ऐकायचो.

या गणपतीत तिने खुर्ची मागितली नाही. नातीच्या शेजारी पाटावर बसली, दोन मोदक खाल्ले. जेवण झाल्यावर सवयीने मी हात पुढे केला. तिने तो बघितला नाही. एक तळवा फरशीवर टेकवला, गुडघा वळवला, क्षणभर थांबली, उठली आणि आपलं ताट उचलून मोरीकडे गेली.