राखून ठेवलेलं मोडताना

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागे पडलं की भांडगाव लागतं, मग चौफुला. दक्षिणेला भुलेश्वराचा डोंगर, उत्तरेला रेल्वेचा मार्ग. आषाढवारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती इथूनच. दौंड तालुक्यातला हा पट्टा आज उसामुळे हिरवा दिसतो, पण तो मूळचा अवर्षणाचा. त्याचं जुनं नाव भीमथडी. या नावाची तट्टं मराठ्यांच्या फौजेत होती आणि इतिहासाच्या पुस्तकांत माणसांपेक्षा या तट्टांचीच कीर्ती जास्त आहे.

धाडस म्हटलं की मराठी मनाला कडा दिसतो, दोर दिसतो, रात्रीचा छापा दिसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कोंढाणा सर होतोच. पण प्रसंग आला तेव्हा पुढे सरसावण्याचं धाडस बहुतेक वेळा तलवारीत नसतं. हिशेबाच्या वहीत असतं. त्या धाडसाच्या दोन-तीन गोष्टी भांडगावच्या अवतीभवतीच घडल्या.

पहिली शिरूर तालुक्यातली. डिसेंबर १८७४ मध्ये करडे गावात एका सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखाचं घर घेतलं आणि ते पाडायला सुरुवात केली. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पाणी भरायला माणूस मिळेना, हजामतीला न्हावी मिळेना. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे इथे ठिणगी पडली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होतं. जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला आणि त्याने कर्जखतं काढून जाळली. हाच दख्खनचा दंगा. तो पुढे नगर जिल्ह्यातही पसरला.

त्यामागची गणितं उघड होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच नव्या मोजणीने शेतसारा भरमसाट वाढला. कर्ज मात्र जागच्या जागी व्याजाने फुगत राहिलं. दंग्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. आयोगासमोर आलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: जिथे कागद मुकाट्याने हवाली झाले, तिथे लोकांनी सहसा कोणाला हात लावला नाही. त्यांना माणूस नको होता, खत हवं होतं. १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने शेतकऱ्याची कर्जापायी होणारी कैद बंद केली आणि खताच्या मागे खरा व्यवहार काय होता, ते तपासायला न्यायाधीशांना सांगितलं.

दंग्याचं समर्थन करायची गरज नाही, लुटालूट झालीच. पण सुप्याच्या बाजारात त्या दिवशी माणसं आली होती ती मीठ-मिरची आणि बैल घ्यायला. दंग्यासाठी म्हणून कोणी बाजार भरवला नव्हता. आठवड्याच्या खरेदीसाठी जमलेली गर्दी दुसऱ्याच कामाला लागली. संधीचं हे असंच असतं. तयारी एका कामाची असते आणि दारात दुसरंच काम येऊन उभं राहतं. धाडस लागतं ते त्या क्षणी, एका कारणासाठी राखलेलं दुसऱ्या कारणासाठी मोडायला.

याचा सर्वांत स्वच्छ दाखला केडगावात आहे. भांडगावपासून पुढे चौफुल्याला आलं की डावीकडे केडगाव स्टेशनचा रस्ता फुटतो. तिथे १८९५-९६ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खोदायला घेतल्या आणि फळझाडं लावायला सुरुवात केली. उद्देश साधा होता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. त्याचा खर्च बोस्टनमध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन उचलत होती, पण वचन होतं दहाच वर्षांचं. ती वर्षं सरत आली होती. उत्पन्नाची स्वतःची सोय हवी, म्हणून फळबाग. कोणत्याही शहाण्या संस्थाचालकाने हेच केलं असतं.

बाग धरायच्या आत दुष्काळ आला.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. रमाबाई तेव्हा अडतिशीच्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. साहाय्यकेंद्रं पाहिली, अनाथ मुलींना हेरत फिरणारे दलाल पाहिले. भुकेची ओळख त्यांना नव्याने होत नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पुराणं सांगत हे कुटुंब देशभर फिरलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलं आहे, की अकरा दिवस आणि रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्या. आई, वडील, थोरली बहीण, तिघेही काही महिन्यांच्या अंतराने गेले. याच लेखनात आणखी एक कबुली आहे आणि ती जास्त बोचते. शिकलेल्या ब्राह्मणाच्या घरात मजुरी करणं किंवा हात पसरणं कमीपणाचं वाटत होतं. हाताला एकही कसब नव्हतं. अन्न संपण्याच्या आधी अभिमान आडवा आला. केडगावात पुढे मुलींना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेतकाम, गोठा आणि छापखान्याचं काम शिकवलं गेलं, त्याचं मूळ इथे सापडतं.

मध्य प्रांतातून मुली आणायच्या तर ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग शिरला होता. प्लेग समितीच्या रँडसाहेबाचा अंमल चालू होता आणि धास्तावलेलं प्रशासन दुष्काळी भागातल्या मुलींना शहरात राहू देईना. उरली केडगावची उघडी जमीन. तिथे इमारत नव्हती. होत्या अर्ध्यामुर्ध्या विहिरी आणि कोवळी रोपं. शिवाय अमेरिकेतून येणारा पैसा बालविधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळातल्या सरसकट सगळ्या मुली त्या चौकटीत बसत नव्हत्या. थांबायला कारणं हवी असती तर ती मुबलक होती आणि प्रत्येक कारण सभ्य, कायदेशीर, इतिवृत्तात लिहिता येईल असं होतं.

काही महिन्यांत सुमारे ३०० मुली केडगावात आल्या. आधी तात्पुरत्या झोपड्या पडल्या, मग मुक्ती सदन या नव्या संस्थेच्या इमारती उभ्या राहिल्या. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन खर्चाचं ठिकाण झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतल्याच बायका मुली शोधून आणायला तिकडे गेल्या. त्या सुमारास मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजारांवर पोचली होती. अंधांसाठीही सोय झाली. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली होती.

इथे एक आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचं वचन होतं. ते पाळलं जात नाही, या वादावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळ ही रमाबाईंसाठी धर्मप्रसाराची पर्वणी ठरली, असं तेव्हाही म्हटलं गेलं. उपाशी, पोरक्या मुलीने धर्म स्वखुशीने निवडला, असं कोणी म्हणत असेल तर ते पटण्यासारखं नाही. भाकर देणाऱ्याचा देव मुलांना लवकर आपला वाटतो. हा दोष रमाबाईंच्या खात्यावर राहतोच.

मात्र त्या काळात या आक्षेपाला दोन प्रकारची उत्तरं दिली गेली. एक लेखणीने, ते सोपं होतं. दुसरं कृतीने, ते लाला लजपत राय यांनी दिलं. हिंदू अनाथ मुलं मिशनऱ्यांकडे जातात याचा राग आला, तेव्हा त्यांनी १८९७ मध्ये आर्य समाजातर्फे मोहीम काढून दुष्काळी प्रांतांतली मुलं पंजाबातल्या अनाथाश्रमांत नेली. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. विधवा असलेल्या ज्या गोदूबाईंशी त्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला, त्या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढे प्लेगनेच कर्व्यांनाही शहराबाहेर, हिंगण्याच्या माळावर ढकललं.

टिळकांचं नावही याच यादीत घ्यायला हवं, जरी रमाबाईंच्या कट्टर टीकाकारांत ते पुढे होते. दुष्काळात अधिकाऱ्यांनी काय करावं, हे सांगणारी संहिता सरकारने स्वतःच्या कारभारासाठी तयार केली होती. १८९६-९७ मध्ये टिळकांच्या प्रभावाखालच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने माणसं गावोगाव पाठवली आणि शेतकऱ्याला सांगितलं, की पीक बुडालं तर साऱ्याची सूट मागणं हा तुझा हक्क आहे, तो याच संहितेत लिहिला आहे. कचेरीच्या कपाटातलं पुस्तक रयतेच्या हातात गेलं. सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. केडगावची बाई आणि केसरीचा संपादक एकमेकांना पाण्यात पाहत होते. तरी एकाच दुष्काळात दोघांनी जवळजवळ एकच गोष्ट केली: वेगळ्याच कारणासाठी हाताशी असलेलं साधन, परिणाम काय होतील ते दिसत असताना, समोरच्या गरजेला जुंपलं.

आज याच रस्त्याच्या कडेला संधी या शब्दाचे फलक लागलेले असतात: स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, बिगरशेती भूखंड, गुंतवणुकीची शेवटची तारीख. त्या संधी ज्याच्या त्याच्या फायद्याच्या आहेत, त्यात गैर काही नाही. पण ज्या प्रसंगात दुसऱ्याचा जीव अडकलेला असतो, तो असा जाहिरात करून येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत महामार्गांवरून मजुरांचे तांडे चालत होते, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांत शाळेच्या खोल्या विलगीकरणासाठी उघडल्या, लग्नाच्या पंगतीची भांडी खिचडीसाठी बाहेर निघाली. काही गावांनी मात्र वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. भीती दोन्हीकडे सारखीच होती. आणि शाळेच्या खोल्या तर प्रत्येक गावात होत्या.

अडचण बहुधा साधनांची नसतेच. महाराष्ट्रात देवस्थानांचे न्यास आहेत, पतसंस्था आहेत, शिक्षण मंडळं आहेत, वारकऱ्यांच्या धर्मशाळा आहेत. त्यांच्याकडे जागा आहे आणि ठेवीही आहेत. प्रत्येक ठेवीला एक हेतू चिकटवलेला आहे: सभागृहाचा दुसरा मजला, सुवर्णमहोत्सव, कळसाचा जीर्णोद्धार. हे हेतू खोटे नाहीत. केडगावची फळबागही खोटी नव्हती. पण पूर येतो, दरड कोसळते, टँकर येईनासा होतो, तेव्हा विश्वस्तांची बैठक बोलावली जाते आणि घटनेत तशी तरतूद नाही, असा ठराव होतो. तोवर पाणी ओसरून जातं आणि ठेवीवर व्याज चढत राहतं.

म्हणून विश्वस्तांना, संचालकांना आणि सभासदांना एक विनंती. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा: राखीव निधी आणि रिकामी जागा कोणत्या प्रसंगी, किती दिवसांत आणि कोणाच्या सहीने भलत्याच कामासाठी वापरता येईल. ठराव सुकाळात करून ठेवा. दुष्काळात सूचक मिळतो, अनुमोदक मिळत नाही.