माफी कुणाच्या हातात?

बारामती-इंदापूरकडच्या आपल्या घरांत लेक सासरचा मार खाऊन माहेरी आली की वडीलधाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतात : 'सबर कर' आणि 'माफ कर'. जमातीची बैठक बसते, समझोता होतो आणि लेक पुन्हा एस.टी.त बसते. पुढे तिला झोप लागत नाही, दार वाजले की छाती धडधडते. इंदापूरला चांदशाहवलींच्या दर्ग्यात ती मनमोकळे रडते, तेवढाच दिलासा.

ही मनाची जखम आहे. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२च्या आपल्या ग्रंथात बरे होण्याची पहिली पायरी सांगितली, ती सुरक्षिततेची. दुःख बोलून दाखवणे, माणसांत परतणे हे त्यानंतर. मारणाऱ्याच्याच धाकात राहून जखम भरणार कशी? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही मानसिक छळ हा हिंसाचारच मानला आहे.

मग सबर म्हणजे काय? पुत्रवियोगात हजरत याकूब यांची रडून रडून दृष्टी गेली. त्यांना कुणी बेसबर म्हटले नाही. सूरह निसाची १४८वी आयत तर जुलूम झालेल्याला उघड बोलण्याची मुभा देते. तेव्हा सबर म्हणजे मूग गिळून बसणे नव्हे.

आणि माफी? उहुदच्या लढाईत वहशीने पैगंबरांचे (स.) चुलते हजरत हमजा यांना भाला फेकून ठार केले. मक्काविजयानंतर तो इस्लाम स्वीकारून समोर आला. पैगंबरांनी सूड घेतला नाही. मात्र जमल्यास माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, असे त्याला सांगितले. बुखारींच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. माफ करणे वेगळे आणि ते तोंड रोज पाहणे वेगळे, हे यातून स्पष्ट होते. पैगंबरांनाही जे जड गेले, त्याची सक्ती आपण वीस वर्षांच्या पोरीवर कोणत्या तोंडाने करतो?

माफी ही जिला लागले तिच्या हातातली गोष्ट आहे. ती देईल, न देईल, दहा वर्षांनी देईल. तिचे बरे होणे त्यावर अडवून ठेवू नये. आपल्या हातात आहे ते एवढेच : तिला थारा द्यावा, तिचे ऐकून घ्यावे, गरज पडल्यास डॉक्टरकडे न्यावे, टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जमातीची बैठक पुन्हा बसेल, तेव्हा पहिला प्रश्न तिला विचारला जावा : बेटा, तुला परत जायचे आहे का?